संगणकशास्त्राचा गाभा की उपयोजन? संशोधनाचा विषय ठरवण्याआधी

एमएस किंवा पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच दोन वाटा दिसू लागतात. एकीकडे अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, कंपायलर, क्रिप्टोग्राफी असे खुद्द संगणकशास्त्राचे विषय असतात. दुसरीकडे संगणक हाताशी घेऊन भलत्याच क्षेत्रातला प्रश्न सोडवायचा असतो: प्रथिनांची रचना, हवामानाचा अंदाज, वैद्यकीय प्रतिमा, दुर्बिणीतून येणारा डेटा. सोयीसाठी पहिल्याला गाभा म्हणू आणि दुसऱ्याला उपयोजन.

दोन्हीकडे कोड लिहावा लागतो, गणित लागतं आणि शेवटी प्रबंध सादर करायचा असतो. म्हणून बरेच जण ‘मला काय आवडतं’ आणि ‘नोकरी कुठे मिळेल’ एवढ्यावरच विषय ठरवतात. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: माझं उत्तर बरोबर आहे की चूक, हे कोण ठरवणार? दोन वाटांमधले बाकीचे बहुतेक फरक या एका प्रश्नातून निघतात.

एकच प्रश्न, दोन निवाडे

हा फरक समजायला डीएनएच्या दोन साखळ्या घेऊ. त्या एकमेकींशी किती जुळतात हे शोधायचं आहे. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये यासाठी एक पद्धत दिली, १९८१ मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी तिचं वेगळं रूप मांडलं. पद्धत अचूक आहे, पण तिला लागणारा वेळ दोन्ही साखळ्यांच्या लांबीच्या गुणाकाराएवढा वाढतो. जनुकांचे संग्रह फुगत गेले तसं हे परवडेना. १९९० मध्ये ब्लास्ट हे शोध घेणारं सॉफ्टवेअर आलं. ब्लास्ट आधी छोटे जुळणारे तुकडे हेरतं आणि तेवढेच पुढे वाढवून पाहतं. त्यामुळे ते फार वेगवान आहे, मात्र एखादं खरं साम्य त्याच्या नजरेतून सुटूही शकतं. तरी जीवशास्त्रज्ञांनी ते मनापासून स्वीकारलं. असं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसलं असतं, याचा संख्याशास्त्रीय अंदाज ब्लास्ट प्रत्येक निकालासोबत देतं. प्रयोगशाळेतल्या माणसाला पुढचा प्रयोग ठरवायला तेवढं पुरतं.

आता तोच प्रश्न गाभ्यातून पाहा. तिथला माणूस विचारतो, अचूक उत्तर हवं असेल तर या गुणाकारापेक्षा ठळकपणे कमी वेळात ते मिळूच शकत नाही का? आर्तुर्स बाकुर्स आणि पिओत्र इंडिक यांनी २०१५ मध्ये दाखवलं की दोन अक्षरमाळांमधलं ‘संपादन अंतर’ (एकीची दुसरी करायला लागणारे कमीत कमी बदल) इतक्या कमी वेळात काढता आलं, तर गणनेच्या गुंतागुंतीबद्दलचं एक मोठं गृहीतक कोसळेल. बाकुर्स तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. या निष्कर्षामुळे कोणाचंही जनुक लवकर सापडणार नाही. पण चाळीस वर्षं एक भिंत का हलत नव्हती, याचं कारण त्यातून कळलं.

ब्लास्टचा निवाडा वापरणाऱ्यांनी केला, बाकुर्स-इंडिक यांचा निवाडा सिद्धतेने केला. हे दोन निकाल वाचताना कोणत्या ठिकाणी तुम्ही पुस्तक खाली ठेवून विचार करत बसलात, ते लक्षात ठेवा. निवडीसाठी ती खूण मला कुठल्याही अभिरुची-चाचणीपेक्षा भरवशाची वाटते.

सिद्धतेची सोय आणि तिची धार

सिद्धता निवाडा करते तिथे वय, हुद्दा, लॅबचं नाव यांचं वजन कमी होतं. एखादी संख्या मूळ आहे का, हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, निश्चितपणे तपासता येतं, असं २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना यांचं बी.टेक. नुकतंच झालं होतं. मसुदा छोटा होता, युक्तिवाद स्वच्छ होता आणि जगभरच्या तज्ज्ञांनी काही दिवसांत तो तपासून मान्य केला. विद्यार्थ्याला याहून न्याय्य व्यवस्था मिळणं कठीण आहे.

धार दोन्ही बाजूंनी कापते. दोन आलेखांची (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांची) रचना एकच आहे का, या प्रश्नावर लास्लो बाबाई यांनी २०१५ मध्ये मोठा निकाल जाहीर केला. जानेवारी २०१७ मध्ये हॅराल्ड हेल्फगॉट यांना त्यात चूक सापडली. बाबाई यांनी दावा सौम्य केला आणि काही दिवसांतच दुरुस्ती करून मूळ दावा पुन्हा उभा केला. इतक्या मोठ्या माणसालाही इथे सवलत नाही. तुमच्या प्रमेयातलं एक वाक्य निसटलं तर आठ महिन्यांचं काम एका दुपारी जातं.

गती कशी असते तेही पाहा. दोन मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा) गुणाकार किती झटपट करता येतो, हे एका घातांकाने मोजतात; आकार वाढला की वेळ किती झपाट्याने वाढतो ते तो सांगतो, म्हणून तो जितका लहान तितकं बरं. १९६९ मध्ये स्ट्रासेन यांनी तो सरळ पद्धतीच्या ३ वरून सुमारे २.८१ वर आणला. १९९० मध्ये कॉपरस्मिथ आणि विनोग्राड यांच्या पेपरात तो २.३७६ वर पोचला आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिला. २०१० मध्ये अँड्र्यू स्टोदर्स यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधात तो २.३७४ पर्यंत खाली आणला. स्ट्रासेन यांच्यानंतरच्या या पद्धती प्रत्यक्ष यंत्रावर कोणी चालवत नाही, कारण त्यांचा फायदा दिसायला अवाढव्य आकाराचे मॅट्रिक्स लागतील. तिसऱ्या दशांश स्थळासाठी वर्षं घालवण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याने गाभ्यातल्या सिद्धांताकडे बिनधास्त जावं. ‘मग उपयोग काय?’ हा प्रश्न तुमच्या मनात लगेच उमटला असेल, तर त्याला दाबू नका.

गाभ्यातल्याच सिस्टिम्सची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस अशा प्रणाली बांधण्याची, बाजू थोडी वेगळी आहे. तिथे निवाडा मोजमाप करतं: किती विनंत्या, किती वेळात, किती यंत्रांवर. मात्र कशाशी तुलना करायची हे तुम्हीच ठरवता, आणि कमकुवत प्रतिस्पर्धी निवडण्याचा मोह सतत होतो. शिवाय आधी चालणारी प्रणाली बांधावी लागते, संशोधन त्यानंतर. पहिलं वर्ष निव्वळ बांधकामात जातं, हे गृहीत धरा.

उपयोजनातली चूक कोडमध्ये सापडत नाही

या बाजूबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण ती सोपी समजली जाते. ‘तयार मॉडेल घ्यायचं, डेटा घालायचा, अचूकता मोजायची’ अशी तिची ख्याती झाली आहे. पण इथला निवाडा जगाच्या हातात असतो आणि तो उशिरा येतो.

छातीच्या क्ष-किरण प्रतिमांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांच्या प्रतिमांवर नेटवर्क शिकलं होतं तिथे ते छान चालत होतं, पण बाहेरच्या रुग्णालयाच्या प्रतिमांवर त्याची कामगिरी बऱ्याचदा घसरत होती. खोलात गेल्यावर दिसलं की प्रतिमा कोणत्या रुग्णालयातली आहे, हे नेटवर्कला जवळजवळ अचूक ओळखता येतं. क्ष-किरण काढताना तंत्रज्ञ कोपऱ्यात धातूची एक खूण ठेवतात, तीसुद्धा त्याच्या उपयोगी पडत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर रुग्णालय ओळखलं की निम्मं उत्तर मिळालंच. कोडमध्ये एकही चूक नव्हती. आकडे खरे होते. धातूच्या त्या खुणेकडे बोट दाखवायला क्ष-किरण विभाग आतून माहीत असलेला माणूस लागतो.

म्हणून उपयोजनातला विषय घेताना मी आधी हे पाहीन की त्या क्षेत्रात तटस्थ पंच आहे का. प्रथिनांच्या रचनेसाठी १९९४ पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची परीक्षा होते. प्रयोगाने नुकत्याच उलगडलेल्या, पण जाहीर न केलेल्या रचना प्रश्न म्हणून दिल्या जातात, आणि सगळ्यांची भाकितं आल्यावरच खरी उत्तरं उघड होतात. २०२० मधल्या फेरीत अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने रचना ओळखण्यात जे करून दाखवलं ते लगेच मानलं गेलं, कारण परीक्षा दुसऱ्याने घेतली होती. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांचा वाटा याच कामासाठी होता. ज्या क्षेत्रात असा पंच आहे तिथे नवख्यालाही न्याय मिळतो. जिथे नाही, तिथे परीक्षेचा पेपर तुम्हीच काढता आणि तुम्हीच तपासता, हे प्रबंधाच्या पहिल्या पानापासून मान्य करून चालावं लागतं.

दुसरी गोष्ट डेटाची. जनुकांची काही नावं महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती, सप्टेंबरचं लघुरूप आणि पुढे आकडा अशी. एक्सेल ती तारीख समजून बदलून टाकायचं. २०१६ मधल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत ही चूक आढळली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. उपयोजनात तुमचा बराचसा वेळ अशा गोष्टी हुडकण्यात जाईल. हे हलकं काम नव्हे. निष्कर्ष खरा की खोटा, ते इथेच ठरतं.

रुग्णांचा डेटा हवा असेल तर परवानगीचा काळ वेगळा धरा. मिमिक-३ या अतिदक्षता विभागाच्या संग्रहात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या, ओळख पुसलेल्या नोंदी आहेत. तो संशोधकांना मिळतो, पण त्याआधी मानवी माहितीच्या वापराचं प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. हा तयार संग्रह आहे, म्हणून एवढ्यावर भागतं. एखाद्या रुग्णालयाकडून नव्याने डेटा घ्यायचा तर नैतिकता समिती आणि तिचे प्रश्न आलेच. दोन वर्षांच्या एमएससाठी माझं मत ठाम आहे: डेटा ‘मिळणार आहे’ असा विषय घेऊ नका, ‘मिळाला आहे’ असाच घ्या. पीएचडीत वाट पाहायला थोडी जागा असते.

गाईड, पेपर आणि नावांचा क्रम

गाभ्यात सहसा एक गाईड असतो आणि त्याला तुमचं काम शब्दशः वाचता येतं. उपयोजनात बऱ्याचदा दोन असतात. संगणकशास्त्राच्या गाईडला पद्धतीत नवं काय हे हवं असतं, दुसऱ्याला त्याच्या क्षेत्रात नवं काय कळलं हे हवं असतं. जुनीच पद्धत वापरून नवा शोध लागला तर एक खूश आणि दुसरा म्हणतो, यात संगणकशास्त्र कुठे आहे? ही ओढाताण चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या भेटीत दोघांना एकत्र बसवून विचारा: काय झालं म्हणजे माझा प्रबंध पूर्ण झाला असं तुम्ही दोघंही म्हणाल? उत्तरं जुळली नाहीत, तर विषय कितीही सुंदर असला तरी थांबा.

पेपरांचे रिवाजही निराळे आहेत. संगणकशास्त्रात कॉन्फरन्सला मान आहे आणि वर्ष डेडलाइनभोवती फिरतं. जीवशास्त्रात किंवा वैद्यकात जर्नल महत्त्वाचं असतं आणि रिव्ह्यूच्या फेऱ्या लांबतात. सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमाने येतात. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं असतं. वर्णानुक्रमाने पहिलं आलेलं तुमचं नाव एका ठिकाणी काहीच सांगत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी सगळं सांगतं. दोन क्षेत्रांच्या मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने हे लेखी ठरवून घेतलेलं बरं.

नोकरीबद्दल थोडक्यात. सिस्टिम्सवाल्याचं बांधकामाचं कौशल्य उद्योगात थेट चालतं. उपयोजनवाल्याला त्याच्या क्षेत्रातली दारं उघडतात, पण ती त्या क्षेत्राशी बांधलेली असतात. सिद्धांतवाल्याला प्राध्यापकी किंवा संशोधन संस्था हवी असेल तर जागा कमी असतात, हे आधीच माहीत असावं.

मधली वाट

दोन वाटांमधली सीमा ओलांडता येते, आणि मोठी कामं अनेकदा त्या ओलांडण्यातूनच झाली. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये पदव्युत्तर प्रबंधात रिलेच्या (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचच्या) मंडलांना बूलचं, म्हणजे खरं-खोटं या दोनच किमतींचं, बीजगणित लावलं. प्रश्न विद्युत मंडलांचा होता आणि त्यातून डिजिटल रचनेचा पाया निघाला. २००९ मध्ये बर्कलीत मातेई झहारिया यांनी अनेक यंत्रांवर मोठा डेटा हाताळणारं स्पार्क हे सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा मशीन लर्निंगवाल्यांची अडचण समोर होती: त्यांचे अल्गोरिदम तोच डेटा पुन्हा पुन्हा वाचत आणि त्यासाठी तेव्हा वापरलं जाणारं हडूप हे सॉफ्टवेअर दर वेळी डिस्कवर जात असे. दुसऱ्याची अडचण समजून घेतली आणि उत्तर सिस्टिमच्या भाषेत दिलं. ज्याला दोन्ही बाजू खुणावतात त्याने असा प्रश्न शोधावा. प्रश्न उपयोजनातून घ्या आणि निवाडा गाभ्याच्या पद्धतीने होईल असं पाहा. एकाच वेळी दोन्ही पंचांना खूश करण्याचा प्रबंध मात्र पहिल्या प्रयत्नात घेऊ नका.

अजूनही ठरत नसेल तर तीन आठवडे काढा. दोन्ही बाजूंचा एकेक अलीकडचा पेपर घ्या. गाभ्यातल्या पेपराचं मुख्य प्रमेय कोऱ्या कागदावर स्वतः उभं करून पाहा किंवा त्यातलं एक मोजमाप पुन्हा करा. उपयोजनातल्या पेपराचा डेटा उतरवून घ्या, त्यातल्या शंभर नोंदी डोळ्यांनी वाचा आणि मगच कोड चालवा. मग ज्या लॅबमध्ये जायचा विचार आहे तिथल्या, प्रबंध नुकताच सादर केलेल्या विद्यार्थ्याला गाठा आणि एवढंच विचारा: तुझं उत्तर बरोबर आहे हे शेवटी कोणी तपासलं, आणि त्यासाठी तुला किती थांबावं लागलं?