कॅराव्हॅनमधल्या पंपाची घरघर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रात्री कोणी हात धुवायला नळ सोडला की आमची सगळी कॅराव्हॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जागी व्हायची. नळांना पाणी पुरवणारा पंप पलंगाखालच्या खोक्यात आणि त्याच पलंगावर मुलगी झोपलेली. टर्रर्र, मग अर्धा सेकंद शांतता, पुन्हा टर्रर्र. पहिल्या दोन सहलींनंतर आम्ही रात्री पंपाचं बटणच बंद करून पाणी बाटल्यांत भरून ठेवायला लागलो. पंप बदलायचाच, असं तेव्हा जवळजवळ ठरलं होतं. पण बदलला नाही. आज आठ महिन्यांनी तोच पंप चालू आहे आणि मुलगी त्याच पलंगावर गाढ झोपते. काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि कशाला पुन्हा हात लावावा लागला, ते सविस्तर लिहितो. हाच त्रास सोसणारे बरेच जण सरळ नवा पंप आणतात आणि तोही तितकाच वाजतो.

पंप आहे 12 व्होल्टचा डायफ्राम पंप, मिनिटाला साधारण 10 लिटर पाणी देणारा, 40 पीएसआय दाब झाला की आपोआप बंद होणारा. बहुतेक कॅराव्हॅनमध्ये याच जातीचे पंप असतात. मोटारीच्या दांड्यावर एक तिरकी चकती असते. ती डुलते आणि रबरी पडदा आळीपाळीने दाबत जाते. त्यामुळे पाणी एकसलग न येता धक्क्याधक्क्यानं पुढे सरकतं. मोटारीचा स्वतःचा आवाज तसा बेताचाच असतो. त्रास होतो तो या धक्क्यांचा, कारण ते पंपाच्या अंगातून बाहेर पडायला वाट शोधतात. एक वाट स्क्रूमधून खालच्या प्लायवूडमध्ये जाते, दुसरी पाइपातून भिंतीत.

हे मला पटलं ते पंप हातात धरल्यावर. एका दुपारी चारही स्क्रू काढले, पंप तळापासून बोटभर वर उचलून धरला आणि बायकोला स्वयंपाकाचा नळ सोडायला सांगितलं. पंप सुरू झाला. तळहातात मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवत होती, कानाला मात्र नुसती गुणगुण. पलीकडून तिनं विचारलं, "अरे, बंद पडला का पंप? पाणी तर येतंय." मी पंप हळूच खाली टेकवला आणि डग्ग्यावर थाप पडावी तसं अख्खं खोकं घुमलं. पुन्हा उचलला, पुन्हा शांत. चार-पाच वेळा करून बघितलं. ज्यांना ज्यांना पंपाचा त्रास आहे त्यांनी काहीही विकत घेण्याआधी हे एकदा नक्की करून पाहावं. उचलल्यावर आवाज पडला, तर दोष बसवण्यात आहे. हातात धरूनही तसाच कडकडत असेल, तर मात्र पंपाच्या आत किंवा ओढीच्या, म्हणजे टाकीतून पाणी खेचणाऱ्या, पाइपात काहीतरी बिघडलं आहे.

आमच्या पंपाला रबरी पाय होतेच, पण बसवणाऱ्यानं स्क्रू इतके आवळले होते की रबर चेपून पापडासारखं झालं होतं. चेपलेलं रबर लाकडाइतकंच कडक. त्यातून थरथर सरळ खाली उतरते. नवे पाय घातले आणि स्क्रू एवढेच फिरवले, की डोकं वॉशरला टेकेल आणि पंप हातानं हलवला तर थोडा डुलेल. एवढ्यानंच निम्मा त्रास गेला. पुढे त्यात भर घातली. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून जड पाट केला, पंप त्याच्यावर बसवला आणि पाट रबरी फोमच्या पट्ट्यांवर नुसता ठेवला. तो तळाला स्क्रूनं जोडला नाही. जोडला असता तर सगळं मुसळ केरात. प्रवासात सरकू नये म्हणून चारही बाजूंनी फोम लावलेल्या पट्ट्यांचा अडसर केला आणि वरून एक सैलसर पट्टा घातला. पाट जितका जड तितका कमी हलतो, यामागे दुसरं काही गुपित नाही.

पाइपांकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. पंपाच्या दोन्ही तोंडांना कडक प्लॅस्टिकचा पाइप थेट जोडलेला होता आणि तो आडव्या फळीतल्या भोकातून पलीकडे जात होता. भोकाच्या काठावर पाइप घासून चकचकीत झालेला दिसला. कडकड होत होती ती तिथे. दोन्ही बाजूंना साधारण 45 सेंटिमीटर लवचीक पाइप घातला, त्याला सैल वळण दिलं आणि भोकात पाइपाभोवती चिरलेल्या रबरी नळीचा तुकडा सरकवला. टाकीकडून येणाऱ्या बाजूला साधी मऊ नळी चालत नाही, पंपाच्या ओढीनं ती चिपते. तिथे आत जाळी किंवा तारेचं वेटोळं असलेलीच हवी.

इथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती दोन दिवस सापडली नाही. नवा पाइप बसवल्यावर पंप पूर्वीपेक्षा जास्त खडखडायला लागला, नळातून पाणी थुंकल्यासारखं येऊ लागलं. खाली थेंबभरही ओल नव्हती, म्हणून सांध्याचा संशय आला नाही. पण आमची टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर आहे. अशा ठिकाणी ओढीच्या बाजूचा सांधा सैल असला की पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. शेवटी पारदर्शक नळीवर टॉर्च मारला तेव्हा पाण्यातून धावणारे बुडबुडे दिसले. होज क्लिप पाव फेरा आवळली आणि खडखड जागच्या जागी थांबली. त्याच वेळी पंपाच्या तोंडाची गाळणी उघडली, तर टाकीला भोकं पाडतानाचा प्लॅस्टिकचा कीस तिच्यात अजून अडकलेला होता. गाळणी तुंबली की पंपाला पाण्यासाठी झगडावं लागतं आणि तो कण्हतो. ती आता दर दोन महिन्यांनी धुतो, दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं झाल्यावर घुमणं गेलं, पण ते थांबत-सुरू होत वाजणं राहिलंच होतं. नळ बारीक सोडला की पंप लागणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी देतो. दाब 40 पर्यंत चढतो, स्विच पंप बंद करतो, क्षणात दाब उतरतो, पंप पुन्हा सुरू. दात घासताना हे वीस-पंचवीस वेळा व्हायचं, आणि रात्री झोपेतून उठवतं ते हेच. यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. पाऊण लिटरची छोटी टाकी, आत रबरी पिशवी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पंपाच्या पुढे, नळाकडे जाणाऱ्या पाइपावर ती बसवायची. पंप चालू असताना तिच्यात पाणी साठतं आणि पंप बंद असताना हवा ते पाणी ढकलते. शिवाय पंपाचे धक्केही ती गिळते, त्यामुळे धार एकसारखी येते.

ती बसवल्याच्या दिवशी मात्र माझी निराशा झाली होती. नळ सोडला की पाणी यायचं, मग एकदम मरगळायचं आणि मग पंप दचकून सुरू व्हायचा. कारण हवेच्या दाबात होतं. टाकी कारखान्यातून 30 पीएसआय भरून आली होती आणि आमचा पंप पुन्हा सुरू होतो 25 च्या आसपास. म्हणजे टाकीतलं पाणी 30 लाच संपायचं आणि 25 पर्यंत उतरेस्तोवर ढकलायला मागे काही उरायचंच नाही. पंपाचं बटण बंद केलं, सगळे नळ उघडून पाण्याचा दाब शून्यावर आणला आणि टायरच्या गेजनं मोजत हवा 23 वर आणली. टाकीचा व्हॉल्व्ह टायरसारखाच असतो, त्यामुळे सायकलचा पंपही चालतो. पाण्याचा दाब न काढता मोजलं तर गेज भलताच आकडा दाखवतं, हे विसरू नका. एवढं केल्यावर आता पंप बंद असताना साधारण पेलाभर, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे मिलिलिटर पाणी मिळतं. ऐकायला कमी वाटेल, पण रात्रीच्या चूळ भरण्याला किंवा घोटभर पाण्याला पुरून उरतं. झोपताना आम्ही पंप चालू करून दाब भरून घेतो आणि बटण बंद करतो. मध्यरात्री नळ सोडला तर पाणी येतं, आवाज मुळीच नाही. सगळ्या खटाटोपात मला सर्वात जास्त समाधान याचं आहे.

एक सावधगिरी सांगतो. काही नवे पंप पाण्याच्या मागणीप्रमाणे स्वतःच वेग कमी-जास्त करतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पुस्तिकेत अ‍ॅक्युम्युलेटर लावू नका असं लिहिलेलं असतं. टाकी घेण्याआधी आपल्या पंपाची पुस्तिका वाचा.

आता फसलेला उपाय. सुरुवातीला, काहीच कळत नव्हतं तेव्हा, मी पंपाभोवती जाड फोम गुंडाळला होता. आवाज थोडा दबला, पण दोन जणांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या आणि पंप मध्येच बंद पडला. मोटारीला हात लावला तर चटका बसला. गरम झाल्यावर बंद पडण्याची सोय आत असते म्हणून मोटार वाचली. हे पंप तासन्‌तास चालण्यासाठी बनवलेले नसतात, त्यांना गार व्हायला मोकळी हवा लागते. फोम त्याच दिवशी काढून टाकला. खोक्याच्या झाकणाला आतून, गाडीच्या दारांना लावतात तशी, जड डांबरी शीट चिकटवली, त्याचा मात्र उपयोग झाला. झाकण आता पत्र्यासारखं थरथरत नाही.

टिकण्याबद्दल सांगायचं तर, तिसऱ्या महिन्यात पाटाखालचा फोम मोटारीच्या बाजूला बसला. तिकडे वजन जास्त असतं. पाट कलंडून अडसराला टेकला आणि जुनी घरघर परत आली. त्या बाजूला घट्ट रबराचे ठोकळे घातले, ते अजून जसेच्या तसे आहेत. पाचव्या महिन्यात पंप वारंवार सुरू व्हायला लागला. मोजलं तर हवा 23 वरून 14 वर आलेली. रबरातून हवा हळूहळू निसटतेच, म्हणून आता प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी गेज लावतो. स्क्रूही बघतो. पंपाच्या थरथरीनं नव्हे, रस्त्याच्या खड्ड्यांनी ते सैल होतात, आणि हात शिवशिवला तरी पुन्हा करकचून आवळायचे नाहीत.

सहाव्या महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. कोणी नळ सोडलेला नसताना तास-दीड तासानं पंप एकदाच टुक करून गप्प होत होता. पूर्वी तो इतका वाजायचा की असा बारीक आवाज ऐकूच आला नसता. शौचालयाच्या व्हॉल्व्हखाली कागद ठेवला, सकाळी तो ओला. वॉशर बदललं आणि ते टुक थांबलं.

थंडीत टाकी रिकामी करताना अ‍ॅक्युम्युलेटरमधलंही पाणी काढायला हवं. आत पाणी गोठलं तर पिशवी फाटते, आणि उरलेलं शिळं पाणी पुढच्या सहलीत पहिल्या पेल्यात येतं.

शॉवर पूर्ण सोडला की पंप अजूनही ऐकू येतो. दार लावलं तर शेजारच्या खोलीत फ्रिज चालू असावा इतपत. तेवढा आवाज आम्हाला चालतो. स्वयंपाकाच्या नळामागे भिंतीतला शेवटचा हातभर पाइप मात्र अजून कडकच आहे, भांडी धुताना तिथे बोट टेकवलं तर बारीक थरथर लागते. पुढच्या सुट्टीत ते फळकूट उघडून तिथेही लवचीक तुकडा घालणार आहे.