आजीची वही बाइंड करून घेतली, नौपाडा, ठाणे
आजीच्या कवितांची वही पार सुटी झालेली, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक बाइंडर काका आहेत त्यांच्याकडे दिली. काम एकदम मस्त, हाताने दोऱ्याची शिलाई, कापडी पुठ्ठा, ४५० रुपये. फक्त आठवड्याचे तीन आठवडे केले आणि कडा कापताना दोन पानांवरची अक्षरं गेली, आधीच सांगा कापू नका म्हणून.

पण त्या निमित्ताने वही नीट वाचली ना, तर 'तुका म्हणे' असतं तसं आजीने प्रत्येक कवितेच्या शेवटी स्वतःचं नाव घातलंय, तेही माहेरचं, जे लग्नात बदललं आणि नंतर घरात कोणीच कधी घेतलं नाही. मी पण कविता करते, इन्स्टावर टोपणनावाने 🙈 काकांना म्हटलं पुठ्ठ्यावर तेच माहेरचं नाव टाका, त्यांनी सोनेरी अक्षरात टाकून दिलं, एक्स्ट्रा पैसे नाही घेतले.