चूक दिसली, पण सुधारायची कुठे? इंग्रजी डॉक्युमेंटेशन की मराठी भाषांतर

महिन्याभरात मला दोघांनी एकच प्रश्न विचारला: ओपन सोर्स प्रोग्रॅममधल्या (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो) चुका सुधारायच्या तर सुरुवात कुठून करू? एक माझी भाची. कळव्याला राहते, बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ‘मावशी, रेझ्युमेवर ओपन सोर्सचं काहीतरी दिसायला हवं’ या घाईत आहे. दुसरे आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतले आप्पा. त्यांनी उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधन केलं. आता सकाळी मराठी ग्रंथ संग्रहालयात पेपर वाचायला जातात आणि परत येताना त्यातल्या चुका मला फोनवर ऐकवतात. कोड दोघांनाही फारसा येत नाही (भाचीला हे मान्य नाही), पण चुकीचं छापलेलं दोघांनाही बघवत नाही. दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली. का, ते सांगते. तुम्हीही ठरवत असाल तर तुम्ही कोणाच्या बाजूला बसता ते बघा.

आधी इंग्रजीचं. गिटहबसारख्या, प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन (तो कसा वापरायचा ते सांगणारा मजकूर) असतं, पानावर पेन्सिलीचं चित्र असतं. ते दाबलं की तुमच्या खात्यात प्रोजेक्टची प्रत आपोआप तयार होते. शब्द सुधारायचा, एका ओळीत काय बदललं ते लिहायचं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवायची. ठाण्याहून ऐरोलीला पोचेपर्यंत मोबाइलवर उरकावं एवढंच काम. ब्राउझरवाल्यांचं एमडीएन (वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीचं डॉक्युमेंटेशन) 2020 च्या डिसेंबरपासून असंच चालतं, आणि तिथे चुका सुधारणाऱ्याचं स्वागत होतं. काही कंपन्यांचे प्रोजेक्ट मात्र एका स्वल्पविरामासाठीही आधी करारावर सही मागतात. सही कशावर करतोय ते वाचून मग पुढे जायचं.

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रीत वेगळी. तिथे दुरुस्ती ई-मेलने जाते. साधा मजकूर, अटॅचमेंट नाही, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि आपलं नाव. पत्र कोणाला पाठवायचं ते सांगणारी स्क्रिप्टसुद्धा सोर्समध्येच आहे. नेहमीच्या चुकांची एक यादीही तिथेच ठेवलेली आहे, प्रत्येक ओळीत आधी चूक, मग दोन उभ्या रेघा, मग बरोबर शब्द. आप्पांना ती दाखवली तर म्हणाले, ‘असली वही आमच्या फोरमनकडे होती.’ पहिली दुरुस्ती म्हणून मी हा रस्ता सुचवणार नाही. शब्द सुधारायला दोन मिनिटं आणि मेल नीट पाठवायला दोन संध्याकाळी, असा हिशेब होतो. पण त्या दोन संध्याकाळींत गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जेवढं कळतं तेवढं पेन्सिल दाबून महिनाभरात कळत नाही, हेही खरं.

इंग्रजीत चुका शोधायला माणूस फार लागत नाही. कोडस्पेल नावाचं साधन सगळी फोल्डरं चाळून चुका पुढ्यात टाकतं. ते शब्दकोशाशी ताडून बघत नाही, नेहमीच्या चुकांच्या यादीशी बघतं. त्यामुळे प्रोग्रॅममधली चित्रविचित्र नावं बघून बोंब मारत नाही. तुमच्यासाठी उरतं ते डोकं लावायचं काम. सापडलेली चूक खरंच चूक आहे का?

इथे मी आपटले होते. एका प्रोजेक्टच्या पानावर ‘रेफरर’ या शब्दात एक ‘आर’ कमी दिसला. मी अभिमानाने घातला. तासाभरात रिक्वेस्ट बंद, खाली एक ओळ: हेडरचं (ब्राउझर वेबसाइटला पाठवतो त्या माहितीच्या ओळीचं) नाव असंच आहे. खरंच तसं आहे. तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते ब्राउझर ज्या हेडरमधून सांगतो, त्याचं स्पेलिंग सुरुवातीलाच चुकलं, 1996 च्या आरएफसी 1945 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात तसंच छापलं गेलं, आणि तोवर ते इतक्या प्रोग्रॅममध्ये रुजलं होतं की सुधारण्याची सोय राहिली नाही. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरचं स्पेलिंग बरोबर आहे. एकाच पानावर दोन्ही दिसतात आणि दोन्ही जागच्या जागी बरोबर असतात. तेव्हापासून कोडच्या टायपात छापलेल्या शब्दाला मी हात लावत नाही. ब्रिटिश स्पेलिंगचं अमेरिकन करणं हीसुद्धा दुरुस्ती नव्हे. प्रोजेक्टची स्टाइल गाइड काय म्हणते ते आधी बघायचं.

भाचीला आणखी एक बजावलं. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) टी-शर्टच्या आशेने लोकांनी प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलींत उगाच शब्द घुसडून इतक्या रिक्वेस्टी पाठवल्या की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. ज्या प्रोजेक्टना भाग घ्यायचा आहे त्यांनीच नाव नोंदवायचं, असं ठरलं. तेव्हापासून एका अक्षराच्या रिक्वेस्टकडे बरेच जण कपाळाला आठ्या घालूनच बघतात. म्हणून एक चूक सापडली की लगेच धावायचं नाही. अख्खं प्रकरण वाचायचं, आठ-दहा चुका एकत्र पाठवायच्या.

आता मराठी. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेटवर चालतं, फायरफॉक्सचं पॉन्टूनवर, विकिपीडियाच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. तिन्हीकडे काम ब्राउझरमध्येच. गिटचं नावही घ्यावं लागत नाही. एका बाजूला इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. आप्पांना हे पाच मिनिटांत कळलं. पुढची तीस मिनिटं ते ‘हे कोणी लिहिलंय?’ एवढंच म्हणत होते.

कारण इथे चूक स्पेलिंगपुरती नसते. एका प्रोग्रॅममध्ये त्यांना एकाच आज्ञेसाठी ‘साठवा’, ‘जतन करा’ आणि ‘संग्रहित करा’ असे तीन शब्द सापडले. तिन्ही शुद्ध, आणि तरी वापरणाऱ्याचा गोंधळ. ऱ्हस्व-दीर्घासाठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आहेत, 1972 मध्ये त्यांत भर पडली. आप्पांना ते तोंडपाठ. पण कॉम्प्युटरवर त्याच्याही खालच्या थराला घोळ आहे. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं. त्याआधीची सवय म्हणून अजूनही कोणी ‘अ’ लिहून वर चंद्र जोडतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधायला गेलात तर एकाला दुसरा सापडेलच असं नाही. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘ऱ’चंही तेच, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो. आप्पा थक्क झाले. पन्नास वर्षं खिळे ओळखणाऱ्या माणसाला न दिसणारी चूक भेटली.

मराठीत साधनांची मदत तोकडी आहे. ‘पुस्तक’ शब्दकोशात असेल, पण ‘पुस्तकांबद्दलसुद्धा’खाली लाल रेघ येऊ शकते, कारण आपल्याकडे एका शब्दाला प्रत्यय लावत किती लांब जाता येतं याला धरबंध नाही. म्हणजे माणसाचा डोळा हवाच. वेबलेट जागा चुकलेल्या खुणा, उरलेला पूर्णविराम, जादा स्पेस यांबद्दल टोकतं, मराठीबद्दल नाही. खुणा मात्र जपायच्या. वाक्यातलं टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं अक्षर म्हणजे तिथे नंतर नाव किंवा आकडा येणार. वाक्य मराठी वळणाचं करताना ती खूण हलवता येते, गाळता येत नाही.

मराठीची खरी अडचण वाट बघण्याची. पॉन्टूनवर नवख्याचं भाषांतर ‘सूचना’ म्हणून पडून राहतं, हक्क असलेल्या कोणीतरी ते तपासून मान्य करावं लागतं. मोठ्या इंग्रजी प्रोजेक्टला रोज बघणारी माणसं असतात. मराठीच्या पंगतीत वाढपी कमी. धीर नसेल तर इकडे येऊ नका, हे मी भाचीला स्पष्ट सांगितलं.

या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये भाषांतर गेटटेक्स्ट पद्धतीने साठवतात आणि तिथे मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते, त्यावरूनच भाषांतर शोधलं जातं. समजा, एका वाक्यात ‘द’ दोनदा पडला होता आणि भाचीने त्यातला एक काढला. इंग्रजी सुधारलं. पण किल्ली बदलली. आता मराठीसकट सगळ्या भाषांतल्या त्या वाक्यावर ‘फझी’ असा शिक्का बसतो आणि कोणी तपासून तो काढेपर्यंत वापरणाऱ्याला मराठीच्या जागी इंग्रजी वाक्य दिसतं. म्हणजे तिच्या एका मिनिटाच्या दुरुस्तीने आप्पांसारख्या कितीतरी जणांना काम लागलं. म्हणून रिलीजच्या आधी प्रोजेक्ट ‘स्ट्रिंग फ्रीझ’ लावतात, तेव्हा इंग्रजीला हात लावायचा नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या वाक्यांपेक्षा मॅन्युअल आणि रीडमीमधली वाक्यं सुधारणं नवख्याला बरं, हा माझा सल्ला त्यातूनच आलेला.

भाचीला मी इंग्रजीकडे पाठवलं. ती वापरते त्याच एका लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन तिने पहिल्या पानापासून वाचायचं, चुका साठवायच्या आणि सेमिस्टर संपल्यावर एक तरी पॅच, म्हणजे दुरुस्ती, ई-मेलने पाठवून बघायचा. रेझ्युमेवर स्पेलिंगच्या दुरुस्त्या मोजून लिहू नकोस, असंही सांगितलं. मुलाखत घेणाऱ्याने एक लिंक उघडली तरी ते कळतं. आप्पांना मराठी, आणि तेही एकाच प्रोग्रॅमचं. वेळ नसणाऱ्या तिसऱ्या कोणाला विचारायचं असेल तर चूक कुठे दिसली ते लिहून प्रोजेक्टच्या पानावर इश्यू, म्हणजे तक्रार, नोंदवा, तेवढं पुरे.

आप्पांनी पहिल्या आठवड्यात चाळीस सूचना टाकल्या. त्यातल्या तीन मान्य झाल्यात. रोज सकाळी ग्रंथ संग्रहालयात जायच्या आधी ते चौथी झाली का ते बघतात.