निवलेल्या कॉफीची परीक्षा

इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली धुतलेली कॉफी, ब्राझीलची सालासकट वाळवलेली, सुमात्राची मांडेलिंग आणि एक निव्वळ रोबस्टा या कडवट जातीची, अशा चार कॉफी गेले दहा दिवस मी एकाच मापाने करून, शेजारी शेजारी ठेवून चाखत आहे. पहिल्या दोन दिवसांत मनाशी लावलेला क्रम मला नंतर जवळजवळ उलटा करावा लागला.

कॉफीचे व्यावसायिक पारखी वापरतात ती कपिंगची पद्धत घरी सहज जमते. त्यासाठी सारख्या आकाराच्या वाट्या, ग्रॅम दाखवणारा काटा आणि खोलगट चमचा एवढे पुरते. 150 मिलीलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्यायची आणि सुमारे 93 अंश सेल्सिअसचे पाणी थेट तिच्यावर ओतायचे. चार मिनिटांनी वर जमलेला पुडीचा थर चमच्याच्या पाठीने मोडायचा. त्या क्षणी वाटीवर नाक नेले, तर कॉफीचा सगळा वास एकदम भेटतो. मग फेस काढून टाकायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि चमचाभर कॉफीचा जोरात भुरका मारायचा. भुरक्याबरोबर आत जाणारी हवा वास घशामागून नाकापर्यंत पोचवते, आणि आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. कागदी फिल्टर किंवा पाण्याच्या धारेचे कसब यांचा इथे संबंध येत नसल्यामुळे जो फरक जाणवतो तो कॉफीचाच असतो.

पहिल्या दिवशी मात्र यिर्गाचेफे मला विचित्र कडवट लागली. कारण शोधता शोधता लक्षात आले की ग्राइंडरच्या पात्यांना आधी दळलेल्या रोबस्टाची पूड चिकटून राहिली होती. तेव्हापासून मी प्रत्येक कॉफीच्या चार-पाच ग्रॅम बिया आधी दळून टाकून देतो, आणि हा अपव्यय मला पूर्णपणे योग्य वाटतो. दुसरी चूक अधिक मोठी होती: वाट्या गरम असतानाच मी निकाल ठरवत होतो.

गरम असताना ब्राझीलची कॉफी निर्विवाद पहिली येते. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि कोकोचा वास, नावापुरता आंबटपणा आणि फळाच्या गरासकट वाळवण्याच्या पद्धतीशी जुळणारा गोडवा यांमुळे ती पहिल्याच घोटाला आवडते. त्याच वेळी यिर्गाचेफे पातळ, जवळजवळ चहासारखी वाटते. पण पंधरा-वीस मिनिटांनी, वाटी हाताला जेमतेम कोमट लागू लागते तेव्हा, चित्र पालटते. ब्राझीलची चव सपाट होत जाते आणि शेवटी कोरडा तुरटपणा तेवढा उरतो. यिर्गाचेफेत मात्र आधी लिंबाच्या सालीचा वास येतो, मग जाईच्या फुलांचा, आणि आंबटपणाला मधासारखी गोड कड येते. या कॉफीचा गर काढून, चिकट थर आंबवून, बिया स्वच्छ धुऊन मग वाळवतात. तिच्या चवीतला नितळपणा मला त्या धुण्याचाच परिणाम वाटतो. चौघींत ती मला निःसंशय श्रेष्ठ वाटते.

सुमात्राच्या कॉफीबद्दल माझे मत अजून पूर्ण स्थिरावलेले नाही. तिथे बिया पुरत्या वाळण्याआधीच, ओलसर असतानाच, त्यांचे टरफल काढतात आणि मग पुन्हा वाळवतात. या पद्धतीला गिलिंग बासाह म्हणतात. ओल्या लाकडाचा आणि मातीचा वास, कमी आंबटपणा आणि जिभेवर जाणवणारा दाटपणा हे तिचे गुण आहेत. पावसाळी सकाळी ती फार भावते, पण रोज प्यावीशी वाटत नाही.

रोबस्टाला न्याय देणे मला जमले नाही, आणि ते सांगणे आवश्यक आहे. तिच्यात अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते, क्लोरोजेनिक आम्लेही अधिक असतात, त्यामुळे ती मुळातच अधिक कडू असते. पण माझ्या पाकिटातल्या बिया इतक्या काळ्या भाजलेल्या होत्या की जळकेपणाखाली बाकी काही कळेना, आणि पाकिटावर भाजणीची तारीखही नव्हती. विक्रेत्याकडे विचारणा केल्यावर केवळ वापरण्याची अंतिम मुदत सांगण्यात आली. कॉफी विकणाऱ्याने ही तारीख लपवणे मला अक्षम्य वाटते, कारण ताजेपणा ठरवण्याचे ग्राहकाच्या हाती दुसरे साधन नसते. दूध घातल्यावर हीच कॉफी चांगली लागली, एवढे तिच्या बाजूने नमूद करतो.

आपले मत पाकिटावरच्या नावाने तर बनलेले नाही ना, हे पडताळण्यासाठी मी घरच्यांकडून तीन-तीन वाट्या मांडून घेतल्या: दोन वाट्यांत एकच कॉफी, तिसरीत वेगळी, आणि खूण वाटीच्या बुडाला. ब्राझील आणि सुमात्रा यांतली वेगळी वाटी गरम असताना पाचपैकी दोनदा माझी चुकली. त्याच वाट्या निवल्यावर पाचही वेळा बरोबर ओळखली. यिर्गाचेफे मात्र गरम असतानाही एकदाही चुकली नाही. पुढच्या महिन्यासाठी मी तिचीच दोन पाकिटे मागवली आहेत, दोन्ही हलक्या भाजणीची, आणि मागवण्याआधी भाजणीची तारीख विचारून घेतली आहे.