गोळी चालू ठेवून आई झाले: पुण्यातल्या मानसोपचार क्लिनिकचा माझा अनुभव

एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे नैराश्य-चिंतेवरची गोळी, १० मिलिग्रॅम, रोज रात्री जेवल्यावर. अडीच वर्षं चालू होती आणि मी बरी होते. मूल हवं म्हणून आमच्या साताऱ्यातच एका डॉक्टरांना विचारलं, तर फाईल न उघडताच ते म्हणाले, "आजपासून बंद." केली. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. तीन आठवड्यांत झोप गेली. एका संध्याकाळी कणीक मळता मळता हात परातीत तसेच ठेवून मी नुसती उभी राहिले. सासूबाईंनी येऊन माझे हात धुतले आणि मिस्टरांना म्हणाल्या, "हिला पुण्याला ने."

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत पाऊण तास दिला. आधी कधी गोळी सोडली होती का, तेव्हा काय झालं, माहेरी कुणाला बाळंतपणानंतर त्रास झाला होता का, सगळं विचारलं. मग एका कागदावर १०० ठिपके काढले आणि ३ काळे केले. "कुठलंही औषध न घेणाऱ्या शंभर जणींतही साधारण इतक्या बाळांना मोठा जन्मजात दोष असतो. तुमच्या गोळीने हा आकडा फारसा हलत नाही." पॅरोक्सेटिन ही याच प्रकारची दुसरी गोळी चालू असती तर बाळाच्या हृदयाच्या शंकेमुळे आधीच बदलली असती, म्हणाल्या. नव्याने सुरू करताना बरेचदा सर्ट्रालिन देतात, पण मला लागू पडलेली गोळीच पुन्हा सुरू करायची, बदलायची नाही असं ठरलं. फोलिक ॲसिड त्याच दिवशी सुरू झालं. आजार उलटला तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, प्रसूती वेळेआधी होऊ शकते, हे त्यांनी सासूबाईंकडे वळून सांगितलं. तो कागद अजून माझ्या फाईलीत आहे.

पाच महिन्यांनी दिवस राहिले. सातव्यात पुन्हा पहाटे तीनला जाग यायला लागली आणि मॅडमनी डोस १५ केला. मी रडले, मला तर कमी करायचा होता. त्या म्हणाल्या, गर्भारपणात शरीर औषध लवकर संपवतं. अपुऱ्या डोसात आजार राहतोच, आणि गोळी बाळापर्यंत पोचतेच. हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

प्रसूतीआधी त्यांनी बाळाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. शेवटच्या महिन्यांत गोळी घेतलेल्या आयांच्या साधारण ३० टक्के बाळांना काही दिवस थरथर, किरकिर किंवा दूध ओढायला त्रास होतो. माझ्या लेकीची हनुवटी दीड दिवस थरथरत होती. चिठ्ठी होती म्हणून कुणी घाबरलं नाही. नीट लक्ष ठेवलं, आणि अंगावरचं दूधही चालू राहिलं.

खटकलं ते वेटिंगचं. अपॉइंटमेंट असून दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर, तेही आठव्या महिन्यात. फोन तर क्वचितच उचलतात. पहिल्या भेटीचे १५०० आणि पुढच्या प्रत्येकीचे ८०० आम्हाला जड गेले, पण मधल्या भेटी व्हिडिओवर झाल्याने साताऱ्याहून येण्याजाण्याचा खर्च वाचला.

दिवस राहायची वाट न बघता आधीच जा. जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स न्या. सासूबाई किंवा आई यायला तयार असतील तर त्यांनाही न्या, मॅडम त्यांच्यासाठी आत वेगळी खुर्ची मागवतात.