मुंगसा मुंगसा, तोंड दाखव

आकडा आधी सांगते: ८८,००० रुपये. दोन हप्त्यांत, यूपीआयने, माझ्याच हाताने, पूर्ण शुद्धीत. कुणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल केला नाही. मराठीत गप्पा मारणाऱ्या, मला 'ताई' म्हणणाऱ्या, माझ्यासारखीच आवड असणाऱ्या एका मुलाने ते घेतले. आठ-नऊ महिने आम्ही जवळजवळ रोज बोलायचो.

ही आवड म्हणजे केमोनो. जपानीत शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'पशू', पण चित्रांच्या जगात माणसासारखे वावरणारे प्राणी: दोन पायांवर उभे, कपडे घातलेले, तोंड, अंग, शेपूट मात्र प्राण्याचंच. मांजराचे कान लावलेली मुलगी म्हणजे केमोनो नव्हे, त्याला केमोमिमी म्हणतात, आणि दोन्हींची गल्लत केली की केमोनर मंडळी (म्हणजे आम्ही) वैतागतात. अमेरिकन पद्धतीचे असे प्राणी जरा लांब थोबाडाचे, दणकट असतात. जपानी पद्धतीत तोंड आखूड, गाल गुबगुबीत, डोळे हे एवढाले. हे खूळ नवीन आहे असं कुणी म्हणालं की मी क्योतोच्या कोझान-जी मंदिरातली १२व्या-१३व्या शतकातली गुंडाळीचित्रं दाखवते. बेडूक सशाला कुस्तीत चितपट करतोय आणि बाकीचे बेडूक हसून लोळतायत.

माझं पात्र शेकरू आहे. सातवीच्या सहलीला भीमाशंकरला पाहिलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय. तांबूस पाठ, फिकट पोट, आखूड गोलसर कान आणि अंगापेक्षा लांब शेपूट. नाव तांबू. चार वर्षं मी तिला वह्यांमध्ये आणि टॅबवर काढतेय. ऑफिसात कुणाला माहीत नाही, घरी फक्त धाकट्या भावाला. मनात एकच होतं, की एकदा कुणा जपानी कारागिराकडून तांबूचा मुखवटा करून घ्यायचा. नकली फरचा, मोठ्या डोळ्यांचा, डोक्यात घालायचा.

आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये त्या मुलाचा अवतार मुंगसाचा होता, म्हणून त्याला सगळे मुंगूस म्हणायचे. मीही इथे तेच म्हणते. मूळचा ठाण्याचा, नोकरीनिमित्त नागोयात, जपानी उत्तम. जानेवारीत तोयोहाशीला फर्सूटवाल्यांचा, म्हणजे प्राण्यांचे फरचे पोशाख घालणाऱ्यांचा, मोठा मेळावा भरतो. २०२४ च्या जानेवारीत त्याने तिथले म्हणून फोटो टाकले आणि लगेच म्हणाला, कुणाला काही हवं असेल तर सांगा, जमलं तर आणतो. मी दोन अॅक्रिलिक कीचेन आणि एक दोजिन्शी सांगितली. दोजिन्शी म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेली पुस्तिका. महिन्याभरात सगळं घरपोच. पाकिटावर शिक्का मात्र भारतातल्या कुरियरचा. "मित्र येत होता, त्याच्याकडे दिलं, कस्टमचा ताप वाचला," म्हणाला. मला त्याचं कौतुकच वाटलं. आता कळतं की तसलं सामान जपानी दुकानातून मधल्या खरेदी सेवेमार्फत कुणीही, अगदी ठाण्यात बसूनही, मागवू शकतं.

मी मूर्ख होते म्हणून फसले, असं म्हणून विषय संपवता येईल. पण तो माणूस आमच्याच शिस्तीवर जगत होता, हे ज्यांना ठाऊक नाही तेही फसतील.

ह्या जगातले काही नियम खरे आहेत आणि चांगले आहेत. पिक्सिव्ह ह्या जपानी चित्रांच्या साइटवर अर्ध्याअधिक चित्रकारांच्या ओळखीखाली 'मुदान तेनसाइ किन्शी' असतं, म्हणजे विनापरवानगी चित्र दुसरीकडे टाकायचं नाही. भाषा, मापं, पार्सलच्या भानगडी नकोत म्हणून कितीतरी कारागीर परदेशातली कामं घेत नाहीत. त्यांना तुटक्या जपानीत 'भाव काय' विचारत सुटणं हा उद्धटपणा समजला जातो. आम्ही नवीन आलेल्या पोरांना हे सगळं बजावून सांगतो. मुंगसाने एकही नियम मोडला नाही. तो म्हणाला, कारागिराचं नाव आत्ता सांगू नको असं त्यांनी बजावलंय, कारण ते बाहेरच्यांना स्लॉट, म्हणजे कामाच्या यादीत जागा, देत नाहीत, माझ्या ओळखीवर एक दिलाय. म्हणाला, थेट निरोप पाठवू नकोस, त्यांना आवडत नाही. अर्धवट कामाचे फोटो कुठे टाकू नकोस, त्यांची परवानगी नाही. मी मान डोलावत गेले. त्याला नवीन कुलूप आणावंच लागलं नाही, आमच्या घरातलंच त्याने आम्हाला बाहेरून लावलं.

भाव ठरला १ लाख ४० हजार येन. येनला ५६ पैसे धरून ७८,४००, वर पाठवणी आणि त्याची मेहनत मिळून ८८ हजार. निम्मे मे महिन्यात. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "मावशीचं खातं आहे गं ताई, माझं एनआरओ करायला दिलंय." एनआरओ म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं बँक खातं. इतकं तांत्रिक कारण खोटं असेल असं वाटेना.

मग डोक्याचं माप. नुसत्या फुटपट्टीच्या मापाने भागणार नाही, डोक्याचा साचा हवा. बनवणारे खरोखरच असा साचा मागतात, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. मी सुट्टीला नाशिकला घरी गेले होते. मेच्या दुपारी, पंखा फुल करून, भावाने माझ्या डोक्याला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची गुंडाळी लावली आणि वरून रुपेरी डक्ट टेप. नाकाशी दोन भोकं. कान, डोळे, हनुवटीच्या जागा मार्करने. तिसऱ्या थराला आई दार ढकलून आत आली.

"अगं बाई! काय लागलं हिला?"

"काही नाही आई, ताईचं प्रोजेक्ट आहे," भाऊ म्हणाला. मला तर तोंड उघडता येत नव्हतं.

मग मागून कात्रीने कापून साचा सोडवला, पुन्हा चिकटवला, आत जुने पेपर कोंबले आणि खोक्यात घालून मुंगसाने दिलेल्या ठाण्याच्या पत्त्यावर कुरियर केला. तिथून त्याचा मित्र जपानला नेणार होता. ६ जूनला निरोप आला: "ताई, डोकं पोचलं. परफेक्ट आहे, ते खूश आहेत."

जुलैत फोटो यायला लागले. फोममधून कोरलेला सांगाडा, मग चढवलेली तांबूस फर, मग डोळे. मी रात्र रात्र ते बघत बसायचे. एक गोष्ट खटकली. कानांवर लांब, उभे झुपके होते. शेकरूला असले झुपके नसतात. होक्काइदोची एझोरिसू नावाची खार असते, तिला हिवाळ्यात असे झुपके येतात. मी त्याला म्हटलं तसं. तो म्हणाला, "केमोनो आहे ना, ते थोडं वाढवतात. आणि ह्या टप्प्यावर बदल सांगितले तर त्यांना अपमान वाटेल." झालं. मी स्वतःचीच समजूत घातली की तांबूला झुपके छान दिसतायत. चार वर्षं जिचा कान एक मिलिमीटर इकडेतिकडे होऊ दिला नाही, तिच्या डोक्यावर दुसऱ्याच खारीचे कान मी खपवून घेतले. ऑगस्टमध्ये उरलेले ४४ हजार पाठवले.

तोवर आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. तो रात्री दीड-दीडपर्यंत माझ्याशी गप्पा मारायचा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे तिकडे पहाटेचे पाच, आठवड्यातले पाचही दिवस. हा हिशेब मी एकदाही केला नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने ईएमएसचा, म्हणजे टपालाच्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा, नंबर दिला. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी जेपी. जपान पोस्टच्या साइटवर तो सापडेना. "अपडेट व्हायला वेळ लागतो," तो म्हणाला. आठवडा गेला. भावाला दाखवला. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याला असल्या गोष्टींचा किडा. टपालाच्या ह्या आंतरराष्ट्रीय नंबरांत नववा आकडा हा तपासणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरतात, ११ आलं तर ५. त्याने बिलाच्या पाठीवर मांडलं. बाकी ७, म्हणजे शेवटचा आकडा ४ हवा. आमच्या नंबरात ९ होता.

"ताई, असा नंबर असूच शकत नाही."

मग त्याने फोटो मागितले. मी ते आधी एकदा इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले होते, काही मिळालं नव्हतं. भावाने एक फोटो मोठा केला. मागच्या भिंतीवर अंधुक कॅलेंडर होतं आणि त्यातला ७ उलटा होता. सगळे फोटो आरशातल्यासारखे फिरवलेले. सरळ करून शोधले, तर पहिल्याच झटक्यात एका जपानी कारागिराचं दोन वर्षांपूर्वीचं काम समोर आलं. एझोरिसूच होती ती. खाली तीच ओळ: मुदान तेनसाइ किन्शी.

त्या कारागिरांना मी भाषांतराच्या अॅपमधून निरोप पाठवला, आधी चार ओळी माफी मागून. दुसऱ्याच दिवशी अतिशय सभ्य उत्तर आलं. त्यांनी भारतातलं काम कधी घेतलेलं नाही, असल्या मध्यस्थाला ते ओळखत नाहीत, माझ्या बाबतीत घडलं त्याचं वाईट वाटतं. ज्या निरोपाला मी पाच महिने घाबरत होते, त्याला लागलेला वेळ एवढाच.

मुंगसाला मी फक्त त्या मूळ पानाचा दुवा पाठवला. तो वाचल्याची खूण दिसली आणि दहा मिनिटांत त्याचं खातं गायब. त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, त्यानेही माझा नाही. आमच्यात ते विचारायची पद्धतच नाही.

१९३० ला फोन केला, सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर काही तासांत हे केलं तर रक्कम वाटेत अडवता येते. मी दोन महिन्यांनी केलं, तोवर मावशींचं खातं रिकामं होतं. पोलीस ठाण्यात मी आधी 'हस्तकलेची वस्तू' एवढंच लिहून दिलं. हवालदारांनी विचारलं, म्हणजे काय? मी कान लाल करत तांबूचं चित्र दाखवलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "मुखवटा म्हणा की मग. आमच्या मोखाड्याला बोहाड्याच्या उत्सवात असली सोंगं असतात. डोळे जरा जास्तच मोठे केलेत." आणि लिहायला लागले. इतके दिवस मी ज्या क्षणाला भीत होते तो असा गेला.

ग्रुपमध्ये सगळं लिहिलं, तेव्हा दोन दिवसांत आणखी चौघं पुढे आली. एक पणजीची, एक बंगळुरूचा, दोघं मुंबईतले. प्रत्येकाला ओळखीवरचा एकमेव स्लॉट मिळालेला. पणजीच्या मुलीला तर माझ्याच मुखवट्याचे फोटो आले होते, तिचा कोल्हा म्हणून. ती मार्चपासून गप्प होती, कारण घरी सांगायचं काय? ती मार्चमध्येच बोलली असती तर मी मेमध्ये पैसे दिले नसते. आणि मी जुलैतच कानांबद्दल उघड बोलले असते तर बंगळुरूवाला वाचला असता, त्याने सप्टेंबरमध्ये दिले.

चित्र हवं असेल तर स्केब ह्या जपानी साइटसारखी सोय आहे. तिथे विनंती एकदाच लिहायची, पैसे साइटकडे राहतात, चित्र हातात आल्यावर चित्रकाराला मिळतात, त्याने काम केलं नाही तर परत येतात. मध्ये कुणाच्या ओळखीची गरज नाही. मुखवट्यासाठी अशी सोय मला तरी सापडलेली नाही. पण 'तुम्ही अमुक माणसामार्फत काम घेता का' एवढं एक वाक्य बनवणाऱ्याला विचारणं उद्धटपणा नाही. जो मध्यस्थ ते विचारू देत नाही, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

दिवाळीला घरी गेले. आई माळा आवरत होती. वरून एक खोका खाली सरकवत म्हणाली, "हे तुझं पार्सल जूनपासून पडलंय बघ, सांगायचंच राहिलं. वजनाला काही नाही, मला वाटलं रिकामाच आहे."

कुरियरचं लेबल होतं: पत्ता अपूर्ण, परत, १४ जून. खोका उघडला. आत माझं रुपेरी डोकं, नाकाशी दोन भोकं, मेचे पेपर कोंबलेले आणि टाळूवर माझ्याच अक्षरात, बाण काढून, 'पुढची बाजू'.