माशाला फंगस: खडेमीठ की मिथिलीन ब्लू?
शहापूरच्या मित्राच्या गोल्डफिशच्या शेपटीवर कापसासारखं पांढरं आलंय, मीठ घालू की निळं औषध म्हणून विचारत होता. बेळगावच्या पावसाळ्यात पाणी गार पडतं, त्यात माशाला जखम असली की फंगस लगेच धरतो.

खर्चात मीठच स्वस्त, लिटरला १-२ ग्रॅम, विरघळवून थोडं थोडं घालायचं, पण टाकीत झाडं किंवा कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे मासे) असतील तर नकोच, आणि ते उडून जात नाही बघा, पाणी बदललं तरच कमी होतं.

ब्लूचा जोर जास्त, पण मेन टाकीत कृपा करून ओतू नका, फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो, टाकीच्या काचा जोडणारं सिलिकॉनही निळं होतं. वेगळ्या टबात, एअर पंप लावूनच.

सुरुवातच असेल आणि गोल्डफिश, मॉली असतील तर मीठ. पसरलं असेल किंवा अंड्यांवर असेल तर ब्लू.